दम धरू नका

सेलू म्हटलं की बहुतेकांना परभणी जिल्ह्यातलं सेलू आठवतं. माझं सेलू वर्धा जिल्ह्यातलं, बोर धरणाच्या तालुक्याचं गाव. पूर्वेचा समुद्र घ्या की पश्चिमेचा, दोन्ही शेकडो किलोमीटर दूर. अशा गावात राहून मी गेली काही वर्षं पाणबुड्यांच्या उपकरणांचा अभ्यास करतो आहे, हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग कारण विचारतात. कारण एका विहिरीत आहे.

१९८१-८२ चा उन्हाळा असावा. मी अकरा-बारा वर्षांचा होतो. आमच्याकडे पोरं पोहायला शिकत ती पाठीला रिकामा डालड्याचा डबा बांधून. डबा सुटला की पुढची इयत्ता बुडी मारण्याची. आम्हा चौघांना शोध लागला होता, की पपईच्या पानाची पोकळ दांडी तोंडात धरली तर डोकं पाण्याखाली ठेवून श्वास घेता येतो. मग एकाच्या डोक्यात आलं, दांडीऐवजी लांब नळी घेतली तर थेट तळाला बसता येईल. मळ्यातली आठ-दहा हात रबरी नळी आणली, तिचं एक टोक काठावरच्या पोराच्या हातात दिलं आणि दुसरं तोंडात धरून मी पायऱ्यांवरून खाली उतरलो. कमरेइतका खाली गेलो असेन-नसेन, छाती उचलेना. नळी चोंदली नव्हती. तिच्यातून हवा आत ओढण्याची ताकदच माझ्यात उरली नव्हती. घाबरून वर आलो. वरचा पोरगा शपथ घेऊन सांगत होता, की त्यानं नळी दाबली नाही. पुढे कित्येक वर्षं माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही.

तो खरं बोलत होता. पाण्याखाली एक मीटर गेलं की दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम वजनाचा जादा दाब पडतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण छातीचा पुढचा भाग ३० सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद धरला तर ९०० चौरस सेंटिमीटर होतात, म्हणजे ९० किलो. नळीतून येणारी हवा मात्र काठावरच्याच दाबाची. छातीवर जवळजवळ क्विंटलभराचं पोतं ठेवायचं आणि ते उचलून श्वास घ्यायचा, असा तो मामला. शिवाय सोडलेला श्वास लांब नळीतच अडकतो आणि पुढच्या वेळी तोच परत आत येतो. म्हणूनच पृष्ठभागावर तरंगत पाहणाऱ्यांची स्नॉर्कल नावाची नळी जेमतेम हातभर असते. तिची लांबी कारखानदारानं काटकसर म्हणून ठरवलेली नाही, आपल्या बरगड्यांनी ठरवलेली आहे.

यातून स्कूबाच्या साऱ्या उपकरणांमागचं एकच सूत्र निघतं. माणूस ज्या खोलीवर आहे, त्या खोलीच्या दाबाची हवा त्याला मिळाली पाहिजे. बाकी सारा सरंजाम त्याच्या भोवतीचा.

हे मला पन्नाशी उलटल्यावर नीट उमगलं. आमच्या भागातली पोरं हल्ली सहलीला मालवण-तारकर्लीला जातात. अशीच एक टोळी परतली आणि मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवू लागली. मी विचारलं, "पाठीवरच्या नळकांड्यात काय होतं?"

"ऑक्सिजन, काकाजी."

"आणि खाली किती वेळ होता?"

"थे सोबतचा भाऊ पाहत होता."

एकजण तर खाली रंगीत मासे पाहून इतका हरखला, की त्यानं झकास म्हणून अंगठा वर केला. सोबतच्या पाणबुड्यानं त्याला तत्काळ वर आणलं, कारण पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ 'मला वर जायचं आहे' असा होतो. सारं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा असतो. ही खूण बोटीवर सांगितली होती म्हणे, पण इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू आली नाही.

अशा पर्यटनी बुडीत गैर काही नाही. तिथं पर्यटकाला कोणी तरी पाण्याखाली फिरवून आणतं आणि उपकरणांची सारी जबाबदारी सोबतच्या माणसाची असते. पण फिरवून आणणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. शिकणं म्हणजे काय ते पाहायला मीच तारकर्लीला गेलो. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तिथं आहे आणि मालवण किनाऱ्यावर मासेमारीच्या घरांतली अनेक तरुण मुलं आता या व्यवसायात आहेत. मला शिकवणारा मुलगा माझ्या मुलाच्या वयाचा होता. पहिले कितीतरी तास त्यानं मला समुद्र दाखवलाच नाही. जमिनीवर उपकरणं मांडून एकेक वस्तू हातात दिली आणि प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारले : ही काय करते? आणि ही बंद पडली तर तू काय करशील? त्याच क्रमानं सांगतो.

पहिली टाकी. कोरोनानंतर आपल्या मनात सिलिंडर आणि ऑक्सिजन हे शब्द एकमेकांना चिकटले आहेत. वर्तमानपत्रंही 'ऑक्सिजनचं नळकांडं पाठीला बांधून' असं सर्रास छापतात. शिकाऊ पाणबुड्याच्या टाकीत असते ती साधी हवा, आपण आत्ता घेतो आहोत तीच, गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन सहा-सात मीटरच्या खाली विषासारखा वागू लागतो. माणसाला झटके येतात आणि तोंडातली नळी सुटते. हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरची तोटी इंजिनाच्या धुराजवळ असली तर तो धूरही टाकीत भरला जातो. त्यामुळे हवेला वास किंवा चव आली तर त्या टाकीनं पाण्यात जायचं नाही.

टाकीचा दाब साधारण २०० बार असतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट. अकरा लिटरच्या टाकीत अशी सुमारे २२०० लिटर हवा मावते. तिचं वजन अडीच किलोच्या वर भरतं. हवेलाही वजन असतं हे शाळेत पाठ केलेलं वाक्य मला तिथं पाठीवर जाणवलं. असल्या दाबाच्या टाक्यांना मंजुरी आणि ठराविक काळानं चाचणी लागते. देशभरच्या गॅस सिलिंडरांचे नियम पाहणारी पेसो ही केंद्रीय संस्था कुठे आहे, तर नागपुरात, माझ्या गावापासून दीडेक तासावर. समुद्रतळाशी विदर्भाचा एवढा संबंध असेल असं मला वाटलं नव्हतं.

२२०० लिटर किती वेळ पुरतील? स्वस्थ माणूस मिनिटाला सुमारे २० लिटर हवा घेतो असं धरू. पृष्ठभागावर टाकी ११० मिनिटं चालेल. पण समुद्रात दर दहा मीटरला दाब एका वातावरणानं वाढतो आणि प्रत्येक श्वासात तितकी जास्त हवा लागते. दहा मीटरवर तीच टाकी ५५ मिनिटांची, वीस मीटरवर जेमतेम ३६ मिनिटांची. त्यातली पाव टाकी, म्हणजे ५० बार, हात न लावता परतीसाठी राखायची. उरतात २७ मिनिटं. घाबरलेला माणूस याच्या दुपटीनं हवा संपवतो. म्हणून दाबमापकाकडे सारखं पाहण्याची सवय आधी आणि मासे नंतर.

दुसरी वस्तू रेग्युलेटर. हा शब्द गॅसच्या शेगडीमुळे आपल्या घरातलाच झाला आहे आणि कामही जवळपास तेच. शेगडीचा रेग्युलेटर सिलिंडरमधला जोर कमी करून गॅस बर्नरकडे सोडतो. पाणबुड्याचा रेग्युलेटर हे दोन टप्प्यांत करतो. टाकीच्या तोंडावरचा भाग २०० बारचा दाब भोवतीच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बार जास्त इतपत खाली आणतो. तोंडातल्या भागात एक लवचीक पडदा असतो. त्याच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला तुमचं तोंड. तुम्ही श्वास ओढला की पडदा आत झुकतो, झडप उघडते आणि हवा येते, तीही बरोबर त्या खोलीच्या दाबाची. श्वास थांबला की झडप बंद. माझ्या छातीवरचं ते क्विंटलभराचं पोतं हा तळहाताएवढा पडदा उचलतो.

याचा इतिहास आमच्यासारख्या समुद्र नसलेल्या मुलखाला जवळचा वाटावा असा आहे. मागणीप्रमाणे हवा देणारी झडप १८६० च्या दशकात बसवली ती फ्रान्समधल्या बन्वा रुकेरॉल या खाण-अभियंत्यानं. खाणीतल्या दूषित हवेत माणसं वाचावीत हा त्याचा हेतू होता. नौदलातल्या ऑग्युस्त दनेरूझच्या सोबतीनं ती पुढे पाण्यात गेली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये पेट्रोल मिळेना, तेव्हा एमिल गान्यान हा अभियंता मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक झडप तयार करत होता. नौदल अधिकारी झाक कूस्तो त्याच्याकडे गेला आणि त्या झडपेपासून १९४३ मध्ये 'अ‍ॅक्वालंग' तयार झालं. त्याची पहिली चाचणी समुद्रात झाली नाही, पॅरिसजवळच्या मार्न नदीत झाली, आणि ती फसली. आडवं पोहताना सारं ठीक चाले, पण उभं राहिलं की हवा भसाभसा सुटे आणि डोकं खाली केलं की श्वास ओढणं जड जाई. हवा देणारा पडदा आणि श्वास बाहेर टाकणारं तोंड वेगवेगळ्या उंचीवर होतं. वीतभराच्या फरकानं दाब बदलत होता. दोन्ही शेजारी आणल्यावर यंत्र चाललं. नळी घेऊन उतरलेला अकरा वर्षांचा मुलगा आणि ते दोघं एकाच गोष्टीशी अडखळले होते, एवढाच मला त्यात दिलासा.

ही नळी तोंडातून सुटली तर? घाबरायचं नाही. उजव्या अंगाला वाकून हात मांडीपासून मागे नेत मोठा वळसा घेतला की ती कोपरात सापडते. तोंडात घेऊन आधी जोरात फुंकायचं म्हणजे आतलं पाणी बाहेर पडतं, मग सावकाश श्वास. पिवळ्या रंगाची आणखी एक नळी प्रत्येकाकडे असते, ती जोडीदारासाठी. दुसऱ्याची हवा संपली तर देण्याची सोय आपल्या अंगावर बाळगायची, हे मला या सगळ्या सरंजामातलं सर्वांत सुसंस्कृत वाटतं.

तिसरी वस्तू मुखवटा, म्हणजे मास्क. पोहण्याचा साधा चष्मा इथं चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहतं. खाली जाताना मास्कमधली हवा आकसते आणि काच डोळ्यांवर ओढली जाते. नाकातून थोडी हवा सोडली की दाब सारखा होतो. कानांचंही तसंच. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, तेही दुखायला लागण्याआधी, दर दोन-चार फुटांना. दुखल्यावर जोर करणाऱ्याचा पडदा फाटू शकतो. दुखलं तर थोडं वर यायचं. आणि मास्कमधून जग एक तृतीयांशानं मोठं आणि पाव अंतरानं जवळ दिसतं. तेव्हा सहलीहून आलेल्यांच्या माशांची लांबी ऐकताना तेवढी वजावट करावी.

चौथी वस्तू म्हणजे माझ्या लहानपणच्या डालड्याच्या डब्याचं शहाणं रूप. टाकी ज्या जाकिटाला बांधतात त्यात हवेची पिशवी असते. एक बटण टाकीतली हवा पिशवीत भरतं, दुसरं ती बाहेर सोडतं. डबा फक्त तरंगवायचा. हे जाकीट तरंगवतं, बुडवतं आणि मधल्या मधे लटकतंही ठेवतं. जोडीला कमरेला शिशाची वजनं, कारण रबरी पोशाख आणि आपली चरबी वर ओढत असते. नवशिका हमखास चुकतो तो इथं. जरा खाली गेल्यासारखं वाटलं की तो मोटारसायकलचा अ‍ॅक्सिलरेटर पिळावा तसं हवेचं बटण दाबतो. वर येऊ लागला की दाब कमी होतो, पिशवीतली हवा आपोआप फुगते, तो अधिक वेगानं वर येतो, हवा आणखी फुगते. म्हणून बटण क्षणभर दाबायचं आणि थांबून पाहायचं. बारीक फरक तर नुसत्या श्वासानं होतो. श्वास भरला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. वजनाच्या पट्ट्याचं बक्कल एका हातानं सुटेल असं ठेवायचं, म्हणजे अखेरच्या प्रसंगी वजन टाकून देता येतं.

हे सगळं चढवल्यावर पाण्याच्या काठावर जोडीदारानं जोडीदाराची तपासणी करायची. इंग्रजीत त्यासाठी अक्षरांची साखळी आहे. मी माझ्यापुरती मराठीत केली : पिशवी, वजन, बक्कल, हवा, नजर. पिशवी भरते आणि रिकामी होते का. वजन जागेवर आहे का. कुठलं बक्कल कसं सुटतं हे मला ठाऊक आहे का. मग हवा. नळीतून तीन-चार श्वास घेताना डोळा मापकाच्या काट्यावर ठेवायचा. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकत असेल, तर टाकीचा नळ पुरता उघडलेला नाही. काठावर अशी टाकी ठीक चालते, खोलवर दगा देते. शेवटी डोक्यापासून पायापर्यंत एक नजर. या साऱ्याला मिनिटभर लागतं.

इथवर उपकरणं झाली. पण मला शिकवणाऱ्या मुलानं पहिल्या दिवशी सांगितलेला नियम कुठल्याच उपकरणात नाही. "श्वास धरून ठेवायचो नाय. काय पण झाला तरी सोडत रवायचा."

मी विहिरीत वाढलेला माणूस. आमच्याकडे पोहणाऱ्याची किंमत त्याच्या दमावर. तळाची माती मुठीत घेऊन वर येईल तो बहाद्दर. 'दम धर' हे मराठीत धीराचं वाक्य आहे. परीक्षेला बसणाऱ्या पोराला आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला आपण तेच सांगतो. आणि हा मुलगा म्हणत होता, दम धरू नका.

हिशेब असा. विहिरीत बुडी मारणारा काठावरची सहा लिटर हवा छातीत घेऊन जातो. दहा मीटरवर ती आकसून तीन लिटर होते आणि वर आल्यावर पुन्हा सहा. जितकी नेली तितकीच परत आणली. स्कूबावाला मात्र दहा मीटरवरच सहा लिटर भरून घेतो. ती धरून तो वर आला, तर पृष्ठभागावर तिची बारा लिटर व्हायला पाहते. छाती तेवढी ताणत नाही. फुप्फुस फाटतं आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. यासाठी दहा मीटरही लागत नाहीत. टाकीचा श्वास भरलेला असेल, तर दीड-दोन मीटर पाणी पुरे. दाबाचं प्रमाण सर्वांत झपाट्यानं बदलतं ते पृष्ठभागाजवळच. शून्य ते दहा मीटरमध्ये दाब दुप्पट होतो. पुन्हा दुप्पट व्हायला तीस मीटर गाठावे लागतात. म्हणून वर येताना मिनिटाला नऊ मीटरहून जास्त वेग नको आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा, म्हणजे रक्तात मुरलेला नायट्रोजनही सावकाश निघून जातो. घाईनं वर आलेल्याच्या रक्ताची गत बूच उडवलेल्या सोड्याच्या बाटलीसारखी होते.

यात धोका कुणाला जास्त? ज्याला पोहता येत नाही तो सोबतच्याचा हात सोडत नाही. पण पट्टीचा पोहणारा संकटात सापडला की लहानपणापासूनची सवय उसळून येते : तोंड मिटायचं, दम धरायचा, पाय मारून वर यायचं. विहिरीत जे त्याला वाचवत आलं, तेच टाकी पाठीवर असताना त्याला मारू शकतं. म्हणूनच हे शिक्षण त्याच्या भाषेत, जमिनीवर आणि सावकाश व्हायला हवं. चालत्या बोटीवर दहा मिनिटांत चाळीस वर्षांची सवय मोडत नाही. माझी मोडायला चार दिवस लागले.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं. तीन वर्षांपूर्वी आमच्या जवळच्या एका गावात विहिरीत एक तरुण बुडाला. निरोप आला, "भाऊ, तुम्ही शिकून आला आहात, या." मी पोचलो तेव्हा दोन तास उलटून गेले होते. विहिरीला तीन परस पाणी, हिरवं, हात बुडवला तर बोटं दिसू नयेत असं. आत मोटारीची केबल आणि तुटके दोर. माझ्याकडे फक्त मास्क होता. टाकी असती तरी मी उतरलो नसतो. मी शिकलो ते जोडीदाराबरोबर, दिसणाऱ्या पाण्यात. आंधळ्या पाण्यात दोराला धरून शोध घेणं ही वेगळी विद्या आहे. मी नाही म्हणालो. काही जणांनी तोंड फिरवलं. अंधार पडायच्या सुमारास गळ टाकून मुलाला काढलं. त्याच्या वडिलांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ते मला अजून सुचलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात गावातली पोरं माझ्याकडे आली. वर्गणी काढून एक जुना संच घ्यायचा म्हणत होती, म्हणजे पुन्हा अशी वेळ आली तर कुणी तरी उतरेल. मी त्यांना दोन रविवार अंगणात बसवलं. बादलीत पालथा पेला बुडवून आत हवा कशी आकसते ते दाखवलं. फुग्याचं तोंड बांधलं आणि विचारलं, हा तळाशी भरून वर सोडला तर काय होईल? गाळाच्या जुन्या विहिरीत पाण्याच्या वरची हवाही विषारी असू शकते, आणि एकाच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा उतरून घरंच्या घरं गेली आहेत, हेही सांगितलं. टाकी माणसाला पाण्याखाली श्वास देते, अक्कल आणि सराव देत नाही. आणि बुडणाऱ्याला वाचवायला जी चार मिनिटं हातात असतात, त्यात टाकी जोडूनही होत नाही.

दुसऱ्या रविवारी एक म्हातारे गृहस्थ ओसरीवर बसून ऐकत होते. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच पाठीला डबा बांधून पोहायला शिकवलेलं. शेवटी म्हणाले, "आयुष्यभर पोट्ट्यायले दम धरा म्हणून सांगतलं बाप्पा. आता तू म्हणतं सोडा."

"विहिरीत धरा, काकाजी. टाकी असली तर सोडा."

"मंग थे दोन्ही सांगत जा," ते म्हणाले.

पोरांनी संच घेतला नाही. त्या वर्गणीतून नायलॉनचे दोर आणि ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबा आल्या. गावाजवळच्या सात विहिरींच्या काठावर आज एकेक हवा भरलेली ट्यूब दोराला बांधून ठेवली आहे. महिन्यातून एकदा पोरं फिरून तिच्यातली हवा तपासतात.